रीड(२४) लिहिलं तरी कधी २० बाइट येतात, कधी ४: असिंकआयओ आणि ६४ मागांचा डेटा

टेरी६४ (सोलापूर)

अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या टॉवेलच्या एका शेडमधून मागांचा डेटा गोळा करायचा आहे. सर्व्हर पायथन ३.११ वर, असिंकआयओचे (एका कामाची वाट बघताना दुसरी कामं चालवणारी पायथनची लायब्ररी) स्ट्रीम वापरून लिहिलाय. शेडमध्ये एक गेटवे बॉक्स आहे. तो दर ५ सेकंदांनी सगळ्या मागांच्या नोंदी १ नंबरपासून ओळीने, एकाच टीसीपी कनेक्शनवर, एका दमात पाठवतो. प्रत्येक नोंद २४ बाइटची, बिग-एंडियन (आकड्याचा वरचा बाइट आधी). क्रम असा:

माग नंबर २ बाइट, स्थिती १ (चालू असेल तर १), थांबण्याचं कारण १ (काही नसेल तर ०, ताणा तुटला १, बाणा तुटला २), पिक्स (बाण्याच्या फेऱ्या) ४, वेळ ८, आरपीएम २, एकूण थांबलेले सेकंद ४, सीआरसी (चूक ओळखण्याचा तपासणी आकडा) २.

वाचतो रीडर.रीड(२४) ने आणि स्ट्रक्टने (बाइटांचे आकडे करणारं पायथनचं मॉड्यूल) उलगडतो. सीआरसी सध्या तपासत नाही.

६० माग होते तोवर काही तक्रार नव्हती. ४ वाढवले आणि आता दर फेरीत दोनदा 'बफर २४ बाइटचा हवा' अशी एरर येते (ती पकडून पुढे जातो), आणि त्या दोन एररच्या मधे तीन भलत्याच नोंदी येतात. नमुना:

माग ३११०, पिक्स ४०६३४८८
माग २८७५, पिक्स ४१२९०२४
माग ९०२, पिक्स ४१९४५६०

माग नंबर थोडे बदलतात, पण पिक्सचे हे तीन आकडे बहुतेक फेऱ्यांत हेच. १ ते ६० च्या नोंदी अगदी बरोबर. आणखी दोन गोष्टी: आधी प्रत्येक नोंदीनंतर डेटाबेसमध्ये लिहिण्यासाठी अवेट (काम होईपर्यंत थांबणं) होतं, तेव्हा हा त्रास क्वचित दिसायचा. लिहिण्याचं काम क्यू लावून वेगळ्या टास्कमध्ये नेलं तेव्हापासून कायमचा. आणि लॅपटॉपवर लोकलहोस्टवरून तोच डेटा सोडला तर काहीच होत नाही. गेटवे खराब आहे का?

---

बाळीवेस_बायनरी

गेटवे ठणठणीत आहे. तुमच्याच आकड्यांत उत्तर आहे, तेवढं मांडून दाखवतो.

४०६३४८८ ला ६५५३६ ने भागा. भाग ६२, बाकी २५६. दुसऱ्याला भागलं की ६३ आणि बाकी २५६, तिसऱ्याला ६४ आणि बाकी २५६. म्हणजे पिक्सच्या चार बाइटमध्ये पुढच्या मागाचा नंबर (२ बाइट), स्थिती १ आणि कारण ० येऊन बसलंय. नोंद २० बाइटांनी सरकली आहे. 'माग ३११०' हा माग नाहीच, ती ६१ नंबरच्या मागाची थांबलेली सेकंदं आहेत (खालचे दोन बाइट). म्हणून तो आकडा बदलतो आणि पिक्स बदलत नाहीत. ६२ नंबरचा बाणा तुटला की पहिला आकडा बदललेला दिसेल, बघा.

आता २० का? ६४ × २४ = १५३६ बाइट. इथरनेटवर एमटीयू (एका पॅकेटची कमाल लांबी) १५०० बाइट, त्यातून आयपी आणि टीसीपीचे प्रत्येकी २० बाइटचे हेडर वजा केले की एका सेगमेंटमध्ये (टीसीपीच्या एका तुकड्यात) १४६० बाइट मावतात. ६० × २४ = १४४०, उरले २०. पहिल्या सेगमेंटमध्ये ६० नोंदी पूर्ण आणि ६१ वीचे २० बाइट. दुसऱ्यात उरलेले ७६. तुमचा लूप असा वाचतो: २४ बाइट साठ वेळा, मग २० (एरर), मग २४, २४, २४ (तीन खोट्या नोंदी), शेवटी ४ (एरर). पुढच्या फेरीला बफर रिकामा असतो म्हणून गाडी आपोआप रुळावर येते. ६० माग असताना सगळं मिळून १४४० बाइट, एकाच सेगमेंटमध्ये बसत होतं. ठीक चालत होतं ते नशिबाने.

मूळ चूक एकच. रीड(२४) चा अर्थ 'जास्तीत जास्त २४' असा आहे. बफरमध्ये निदान एक बाइट असला की तो असेल तेवढं देऊन मोकळा होतो. टीसीपीला नोंद म्हणजे काय हे ठाऊकच नसतं. मागावरून टॉवेल सलग उतरतो, कापणारा नंतर मोजून कापतो. इथे कापणारे तुम्ही आहात, आणि मोजायला रीडएक्झॅक्टली आहे, तो मागितलेले सगळे बाइट जमल्यावरच देतो:

लूप:
  नोंद = अवेट रीडर.रीडएक्झॅक्टली(२४)
  सीआरसी जुळला नाही तर: कनेक्शन बंद करा, बाहेर पडा
  क्यूमध्ये टाका

क्यूमुळे त्रास का वाढला? असिंकआयओच्या रीडमध्ये बफरात काही असेल तर तो इव्हेंट लूपकडे परत जातच नाही, लगेच देतो. त्यामुळे साठ नोंदी एका झपाट्यात निघतात आणि ६१ वी मागाल तेव्हा दुसरा सेगमेंट बफरात यायलाच सवड मिळालेली नसते. आधी प्रत्येक नोंदीमागे डेटाबेसचं अवेट होतं, तेवढ्या वेळात उरलेले ७६ बाइट येऊन चिकटायचे. म्हणजे हळू कोडने चूक झाकली होती. लोकलहोस्टवर न दिसण्याचं कारणही याच जातीचं: लिनक्सच्या लूपबॅकचा एमटीयू ६५५३६ असतो, तिथे १५३६ बाइटचे तुकडे पडायचं कारणच नाही.

---

होटगी_रोड

एवढं कशाला, गेटवेवर टीसीपी नोडिले चालू करा. नाहीतर वाचण्याआधी ५० मिलिसेकंद स्लीप टाका, सगळं एकत्र येतं. काम झालं.

---

बाळीवेस_बायनरी

नोडिलेने नेगल (छोटे तुकडे रोखून धरणारी टीसीपीची पद्धत) बंद होतो, म्हणजे शेवटचा छोटा तुकडा आधीच्या तुकड्याची पोच यायची वाट न बघता निघतो. तो लवकर येईल, पण येईल दुसरा तुकडा म्हणूनच. सीमा तिथेच राहते.

स्लीपचं तर त्याहून वाईट. एक पॅकेट हरवून पुन्हा पाठवावं लागलं की लिनक्सवर किमान २०० मिलिसेकंदांचा रिट्रान्समिट टायमर लागतो. तिथे ५० चं काय होणार? शेड ४जी राउटरवर गेली आणि एमटीयू १४०० झाला तर सेगमेंटमध्ये १३६० बाइट, म्हणजे ५६ नोंदी आणि १६ बाइट. मग ५७ व्या मागापासून घोळ. मधल्या पेठेत चिल्लर मोजताना जे करता तेच इथे करायचं: मोजून पुरे झाल्याशिवाय हात मागे घ्यायचा नाही.

---

टेरी६४

रीडएक्झॅक्टली लावलं, सीआरसीही लावला. ६४ च्या ६४ नोंदी बरोबर येतात, आभारी आहे. आता दोन शंका.

एक, गेटवे रीस्टार्ट झाला की इनकंप्लीट रीड एरर येते. ती कधी गिळायची आणि कधी लॉगमध्ये मोठ्याने ओरडायची?

दोन, शेडमध्ये वीज गेली की सर्व्हरवर ते कनेक्शन तसंच लटकत राहतं. वेट-फॉर लावून १५ सेकंदांचा टाइमआउट दिला तर अर्धवट वाचलेले बाइट हरवतात का? हरवले तर पुन्हा तोच २० बाइटचा खेळ सुरू.

---

रेवणसिद्ध_रनटाइम

पहिलं सोपं आहे. त्या एररमध्ये पार्शल (आलेले बाइट) आणि एक्स्पेक्टेड (किती हवे होते) अशा दोन गोष्टी मिळतात. पार्शल रिकामं असेल तर समोरच्याने नोंदीच्या सीमेवर कनेक्शन बंद केलं, हे नेहमीचं, इन्फो पातळीवर लिहा आणि बाहेर पडा. पार्शलमध्ये १ ते २३ बाइट असतील तर नोंद मधेच तुटली, वॉर्निंग लिहा आणि ते बाइट हेक्समध्ये छापून ठेवा. ही एरर ईओएफ (प्रवाह संपला) एररची पोटजात आहे, त्यामुळे वर कुठे मोघम 'एक्सेप्ट' लावलं असेल तर दोन्ही प्रकार एकाच टोपलीत जातील. गोमध्ये ही फारकत भाषेनेच केली आहे: आयओ रीडफुल एकही बाइट न मिळता संपलं तर ईओएफ देतो, मधेच संपलं तर अनएक्स्पेक्टेड ईओएफ.

कनेक्शन रीसेट झालं तर मात्र ही एरर येत नाही, कनेक्शन रीसेट एरर वेगळी येते. ती पण पकडा.

दुसऱ्याचं उत्तर कोणती लायब्ररी आहे त्यावर ठरतं, आणि इथेच लोक फसतात.

असिंकआयओमध्ये रीडएक्झॅक्टली हवे तेवढे बाइट जमेपर्यंत स्ट्रीमरीडरच्या आतल्या बफरला हात लावत नाही. त्यामुळे वेट-फॉरने मधेच रद्द केलं तर आलेले २० बाइट बफरातच राहतात, पुढच्या कॉलला मिळतात. तुमच्या २४ बाइटच्या नोंदीला धोका नाही. पण आधी हेडर आणि मग अंग असं दोन टप्प्यांत वाचणारा प्रोटोकॉल असेल तर हेडर वाचून झाल्यावर रद्द झालेलं महागात पडतं: हेडर बफरातून गेलेलं असतं, पुढचा कॉल अंगालाच हेडर समजतो.

रस्टच्या टोकिओमध्ये याच्या उलट. रीड_एक्झॅक्ट तुम्ही दिलेल्या बफरात भरत जातो. सिलेक्ट मॅक्रोच्या (अनेक कामांतलं पहिलं पूर्ण होईल ते घेणाऱ्या) एका फांदीत ते ठेवलं आणि दुसरी फांदी आधी पूर्ण झाली, तर किती बाइट भरले होते हे कळत नाही आणि ते गेले. टोकिओच्या कागदपत्रांत ते रद्द करण्यास सुरक्षित नाही असं स्पष्ट लिहिलंय. साधा रीड सुरक्षित आहे. म्हणून तिथे सिलेक्टच्या आत रीड वापरून स्वतःच्या बफरात जमवा, नाहीतर वाचायचं काम वेगळ्या टास्कला देऊन चॅनेलमधून पूर्ण नोंदी घ्या.

तरी माझं मत: टाइमआउट झाला की पुन्हा वाचायच्या फंदात पडू नका, कनेक्शन बंदच करा. दर ५ सेकंदांनी बोलणारा बॉक्स १५ सेकंद गप्प आहे म्हणजे तीन फेऱ्या चुकल्या. पायथन ३.११ आहे तर असिंकआयओ टाइमआउटचा ब्लॉक पूर्ण नोंदीभोवती लावा, बाहेर आलात की रायटर क्लोज.

वीज गेल्यावर लटकतं ते यासाठी की बॉक्सला फिन (कनेक्शन बंद करतोय असा निरोप) पाठवायलाही जीव उरत नाही. सर्व्हरला वाटतं समोरचा शांत बसलाय. कीपअलाइव्ह (समोरचा जिवंत आहे का याची टीसीपीची तपासणी) लावलं म्हणून निश्चिंत राहू नका: लिनक्सचे मूळ आकडे ७२०० सेकंद, मग ७५ सेकंदांच्या अंतराने ९ तपासण्या. एकूण ७८७५ सेकंद, २ तास ११ मिनिटं १५ सेकंद. तेवढ्या वेळात वीज येऊन परत जाऊ शकते. प्रत्येक वेळी नवं कनेक्शन, जुनं लटकलेलं, आणि प्रोसेसची फाइल मर्यादा बहुतेक ठिकाणी १०२४ असते. गेटवेच्या ओळखीवर रायटर डिक्शनरीत ठेवा आणि त्याच गेटवेचं नवं कनेक्शन आलं की जुनं आधी बंद करा.

---

चिंचोळी_सीएनसी

स्ट्रक्टबद्दल कोणी बोललं नाही. फॉर्मॅटच्या सुरुवातीला बिग-एंडियनची खूण (गणितातली 'पेक्षा मोठा' ची, उजवीकडे टोक असलेली) न विसरता टाका. ती नसेल तर पायथन सीच्या पद्धतीने फटी भरतो. या प्रश्नातल्या नोंदीत आरपीएमनंतर २ बाइटची फट पडते आणि कॅल्कसाइझ (नोंदीचा आकार सांगणारं स्ट्रक्टचं फंक्शन) २४ ऐवजी २६ सांगतो. प्रोग्रॅम सुरू होतानाच 'कॅल्कसाइझ २४ आहे ना' एवढं असर्ट टाकून ठेवा.

गेटवेच्या बाजूलाही हेच. फर्मवेअर लिहिणाऱ्याने सीचं स्ट्रक्चर पॅक्ड (फटींशिवाय) न करता साइझऑफने पाठवलं तर ३२ बिटच्या एआरएमवर शेवटी आणखी भर पडून ३२ बाइट होतात. मग तुमचं रीडएक्झॅक्टली(२४) इमानदारीत चुकीचंच मोजत बसेल.

एक शंका: त्याच शेडमध्ये ऊर्जा मीटर मॉडबसवर (कारखान्यातल्या उपकरणांचा प्रोटोकॉल) आहेत का? तिथे ठराविक आकार धरून चालणं जास्त जड जातं.

---

टेरी६४

आहेत. मॉडबस टीसीपी, ५०२ पोर्ट. प्रत्येक मीटरकडून १० रजिस्टर (प्रत्येकी २ बाइटचे आकडे) मागतो, उत्तर २९ बाइटचं येतं, तेवढंच रीडएक्झॅक्टली करायचं ठरवलं होतं.

---

चिंचोळी_सीएनसी

अडकणार. मीटरला रजिस्टरचा पत्ता पटला नाही की तो एक्सेप्शन पाठवतो, ते सगळं मिळून ९ बाइटचं असतं. तुम्ही आणखी २० ची वाट बघत बसाल, आणि पुढचं उत्तर आलं की त्याचे पहिले २० यात मिसळतील.

लांबी हेडरमध्येच दिलेली असते, तीच वापरा. आधी ६ बाइट वाचा: ट्रान्झॅक्शन नंबर २, प्रोटोकॉल २, लांबी २. प्रोटोकॉल ० नसेल तर कनेक्शन बंद. लांबी युनिट नंबरपासून पुढची मोजलेली असते. पूर्ण फ्रेम २६० बाइटच्या वर जात नाही, म्हणून लांबी २५४ पेक्षा जास्त किंवा ३ पेक्षा कमी आली तरीही बंद. मग तेवढेच बाइट रीडएक्झॅक्टली. तुमच्या चांगल्या उत्तरात लांबी २३ (युनिट १, फंक्शन १, बाइटांची संख्या १, डेटा २०), एक्सेप्शनमध्ये ३. फंक्शन कोडचा वरचा बिट चढलेला असेल तर ते एक्सेप्शन. ट्रान्झॅक्शन नंबर पाठवलेल्याशी जुळतो का तेही बघा, टाइमआउटनंतर उशिरा आलेलं उत्तर यानेच ओळखू येतं.

सावधान एका गोष्टीला: सिरियल-टू-इथरनेट कन्व्हर्टरच्या मागे असलेले मीटर पुष्कळदा आरटीयू (मॉडबसचा सिरियल तारेवरचा प्रकार) फ्रेमच टीसीपीवरून जशीच्या तशी ढकलतात. तिथे हे ६ बाइटचं हेडर नसतं. आरटीयूत फ्रेमची सीमा ३.५ अक्षरांच्या शांततेने ठरते, ९६०० बॉडवर ती सुमारे ४ मिलिसेकंद. टीसीपीत आल्यावर त्या शांततेला काही अर्थ उरत नाही. तिथे ३ बाइट वाचायचे, फंक्शन कोड बघायचा: रजिस्टर वाचण्याचं उत्तर असेल तर तिसरा बाइट डेटाची संख्या, त्यात सीआरसीचे २ मिळवून उरलेलं वाचायचं. एक्सेप्शन असेल तर फक्त सीआरसीचे २ उरतात.

---

बाळीवेस_बायनरी

लांबीवर मर्यादा हवी हा मुद्दा मॉडबसपुरता नाही. स्वतःचा प्रोटोकॉल करून ४ बाइटची लांबी पुढे लावली आणि पोर्ट इंटरनेटवर उघडं राहिलं, की कोणीतरी स्कॅनर येऊन एचटीटीपीचं 'गेट' आणि एक स्पेस पाठवतो. ती चार अक्षरं बिग-एंडियन आकडा म्हणून वाचली की ११९५७२५८५६ होतात, म्हणजे जवळपास १.२ अब्ज बाइट. लॉगमध्ये हा आकडा दिसला तर ओळखा. स्ट्रीमरीडरची ६४ केबीची मूळ मर्यादा रीडलाइन आणि रीडअनटिलला लागते, रीडएक्झॅक्टलीला नाही. तो मागाल तेवढं जमवत जातो. तपासणी तुम्हीच करायची.

---

आसरा_असिंक

आमच्याकडे सी शार्प वापरणारे बरेच, त्यांच्यासाठी. रीडअसिंकचं तिथेही 'जास्तीत जास्त' असंच आहे, पण जीझिप आणि क्रिप्टो स्ट्रीम आधी बहुतेक वेळा पूर्ण भरून द्यायचे. डॉट नेट ६ मध्ये ते बदललं, तेही अर्धवट देऊ लागले, आणि वर्षानुवर्षं चाललेले प्रोग्रॅम अपग्रेडनंतर कोसळले. डॉट नेट ७ पासून रीडएक्झॅक्टलीअसिंक आलंय, कमी पडलं तर एंड ऑफ स्ट्रीम एक्सेप्शन. ते रद्द झालं तर टोकिओसारखंच, बाइट गेले समजा.

नोडमध्ये रीड(२४) पुरेसे बाइट नसतील तर नल (काहीच नाही) देतो, ही सोय चांगली आहे. मात्र स्ट्रीम संपल्यावर उरलेलं २४ पेक्षा कमी असलं तरी देऊन टाकतो. लांबी तपासा. आणि रीडेबल इव्हेंटमध्ये नल येईपर्यंत लूप फिरवा, एकदाच वाचून सोडलं तर नोंदी बफरात साचत राहतात.

---

टेरी६४

हे टेस्ट कसं करायचं? दरवेळी शेडमध्ये जाऊन वीज घालवता येत नाही, जॉबर (शेडचा मुकादम) हाकलून देईल.

---

रेवणसिद्ध_रनटाइम

सॉकेटची गरजच नाही. स्ट्रीमरीडर नुसता बनवा, त्याला फीड_डेटाने बाइट द्या आणि शेवटी फीड_ईओएफ. १५३६ बाइटची एक फेरी घ्या आणि १ ते १५३५ पर्यंत प्रत्येक जागी एकदा कापून दोन तुकड्यांत द्या. प्रत्येक वेळी ६४ नोंदी बरोबर निघाल्या पाहिजेत. मग एकदा एकेक बाइट करून द्या. मग शेवटचा तुकडा न देता ईओएफ द्या आणि पार्शलची लांबी बरोबर येते का ते बघा.

यात एक खोच आहे. वाचणारा टास्क सुरू केल्यावर आणि दोन फीड_डेटांच्या मधे असिंकआयओ स्लीप(०) टाका. नाहीतर दोन्ही तुकडे बफरात एकत्र होतात आणि तुमचा जुना रीड(२४) सुद्धा टेस्ट पास होतो. टेस्ट खरी आहे का हे बघायला आधी ती जुन्या कोडवर चालवा. २४ च्या पटीत न बसणाऱ्या प्रत्येक कापावर ती पडली पाहिजे, आणि २४, ४८, ७२ अशा कापांवर पास झाली पाहिजे.

आणि हो, एका रीडरवर दोन टास्कनी वाचू नका. दुसरा टास्क वाट बघायला गेला की असिंकआयओ रनटाइम एरर देतो. कुलूप लावून ती एरर घालवता येते, पण मग कुठली नोंद कोणाला मिळाली याचा ताळमेळ राहत नाही. वाचणारा एकच, वाटणारी क्यू.

---

टेरी६४

जुन्या कोडवर १५३५ पैकी १४७२ काप पडले, ६३ पास. ६३ म्हणजे २४ च्या पटीतलेच. नव्यावर सगळे पास. मीटरसाठी ६ बाइटचं हेडर वाचून लांबी तपासणारं फंक्शन वेगळं केलंय, टाइमआउट झाला की कनेक्शन बंद.